गरीचा हिसका

गरी टाकून मासे धरणे हे आळशी माणसाचे काम आहे, असे आमच्या वर्गातील एका घाटावरच्या मित्राचे ठाम मत होते. वादविवाद करण्यापेक्षा एका रविवारी मी त्याला कालावलच्या खाडीत होडीतून घेऊन गेलो. दोन तासांत त्याच्या गरीला सात वेळा मासा लागला आणि सातही वेळा सुटला. परतताना तो गप्प होता. धक्क्यावर उतरल्यावर मात्र त्याने विचारले, "मासा लागतो हे हाताला कळते, मग तो येत का नाही?" हा प्रश्न एकेकाळी मलाही पडला होता. त्याचेच उत्तर येथे द्यायचा विचार आहे.

आमच्या बाजूला गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. खाडीत गरवणाऱ्याच्या मनात सगळ्यांत मानाचा मासा म्हणजे खजुरा. रायगडकडे यालाच जिताडा म्हणतात, गोव्यात चोणक आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इंग्रजी पुस्तकांतून तो आशियाई सी बास म्हणून येतो. ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1790 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. वाढतो खाडीत आणि नदीत, पण अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्याकडे जातो. त्याची खाण्याची रीतही वेगळी आहे. तो भक्ष्याचा पाठलाग फार करीत नाही. कांदळाच्या मुळांशी दबा धरून बसतो आणि एकदम जबडा उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते इतक्यात होते. तोंडात काही टोचले तर तितक्याच चपळाईने तो ते थुंकूनही टाकतो. या दोहोंच्या मधला जो क्षण, तो गरवणाऱ्याचा.

मी अकरावीत असताना मामांच्या होडीत बसून पहिला मोठा खजुरा घालवला. हाताला धप्पकन धक्का बसला, मी सारे अंग मागे टाकून हिसका मारला, आणि दोरी सैल पडून हातात आली. मामा वल्हे धरून बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "हिसको माशाक मारलंस काय होडयेक?"

त्या वेळी हा टोमणा वाटला. पुढे लक्षात आले की मामांनी न्यूटनचा तिसरा नियम मालवणीत सांगितला होता. काठावर उभे राहून आपण हिसका मारतो तेव्हा पाय जमिनीत रुतलेले असतात, त्यामुळे अंग मागे गेले की दोरीही तेवढीच मागे येते. लहान होडी पाण्यावर सुटी असते. तुम्ही छाती मागे टाकली की पायांखालची होडी पुढे, म्हणजे माशाच्या दिशेने सरकते. अंग वीतभर मागे गेले असे आपल्याला वाटते, पण पाण्याच्या हिशेबाने हात त्याहून कमीच मागे आलेला असतो. हिसका संपल्यावरही होडी थोडी पुढेच जात राहते आणि दोरीला सैल मिळतो. खजुऱ्याला तेवढे पुरते. होडी जितकी हलकी तितके नुकसान अधिक. तारकर्लीला पाहुण्यांसाठी ज्या प्लास्टिकच्या कायाक आहेत, त्यांतून गरवणाऱ्यांना हा अनुभव आणखी ठळकपणे यावा, कारण तेथे पाय पुढे पसरून पाण्यालगत बसावे लागते आणि कंबरेखालचा जोर जवळजवळ उपयोगी पडत नाही.

यावर उपाय असा की हिसका अंगाने न मारता हाताने मारायचा. पाठ ताठ ठेवून कोपर बरगडीजवळून मागे न्यायचे, मनगटाने शेवटचा झटका द्यायचा आणि लगेच दुसऱ्या हाताने दोरी ओढून घ्यायची. हा दुसरा हात फार महत्त्वाचा. नवशिके हिसका मारून मासा लागला की नाही हे पाहत थांबतात. तेवढ्यात होडी पुढे सरकून दोरी सैल होते. जुने लोक हिसक्यामागोमाग दोन-तीन हात दोरी आत घेतात आणि मगच श्वास सोडतात.

याहून सोपी युक्ती म्हणजे होडीलाच आधार देणे. ओहोटीच्या पाण्यात नाळीकडून धोंडा सोडायचा. होडी प्रवाहात सरळ होते आणि धोंड्याचा दोर ताणलेला राहतो. मग मागच्या बाजूने, प्रवाहाच्या दिशेला गरी सोडायची. आता हिसका मारला की होडी माशाकडे जाऊ पाहते, पण नाळीचा दोर तिला धरून ठेवतो. शिवाय वाहते पाणी गरीची दोरीही ताठ ठेवते. माझ्या मित्राने होडी आडवी वाहत असताना गरवले होते; दर वेळी त्याच्या दोरीत पाण्याखाली मोठी झोळ पडलेली असे आणि त्याचा हिसका त्या झोळीतच जिरे. आडव्या बाजूला जोरात हिसका मारण्यात दुसराही धोका आहे. होडी कलंडते. उलांडीच्या होडीत उलांडीच्या उलट बाजूला अंग टाकले तर उलांडी वर उचलली जाते, आणि मग मासा कोणी कोणाला धरला हे सांगणे कठीण.

दोरीविषयी थोडे सांगायला हवे. नायलॉनचा तंगूस पाण्यात दिसत नाही हा त्याचा गुण, आणि ताणला की लांबतो हा दोष. वीस-पंचवीस वाव दोरी सोडली असेल तर हिसक्याचा बराचसा भाग तंगूस लांबवण्यातच खर्च होतो. म्हणून लांब टाकलेल्या गरीला लांब हिसका, जवळच्या गरीला आखूड. अलीकडे मिळणारी विणीची दोरी लांबत नाही, पण खजुऱ्याच्या कल्ल्याची कड धारदार असते आणि ती बारीक दोरी सहज कापते. गळाच्या वर हातभर जाड तंगूस बांधावा लागतो.

केव्हा मारायचा हे माशावर अवलंबून आहे. खजुरा लागला तर दोरी ताठ आहे एवढे पाहून ताबडतोब. तांबोशी लागली तर हिसक्यापेक्षा ओढ महत्त्वाची, कारण ती क्षणात मुळांत किंवा खडपात शिरते. शेंगटी चाखत बसते, तिला थोडा वेळ द्यावा. टुकटुक टुकटुक असे सारखे जाणवत राहिले तर बहुधा कुर्ली आमिष खात असते. तेथे हिसका फुकट जातो. मामांचे सांगणे असे: "दोरी चलाक लागली काय मार. दोरी नाचता तवसर गप रव."

गळ बोथट असेल तर हे सारे व्यर्थ. खजुऱ्याचा जबडा कठीण असतो. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून पाहावे. घसरले तर कानस लावावी, अडकले तर चांगले. टोकाला धार असली की हिसका निम्म्या जोराचा पुरतो, आणि होडीत आपल्याजवळ जोरच कमी असतो. कोळंबी लावताना टोक झाकून टाकू नये हेही त्यातलेच.

टोक आत वळलेला गोल गळ आता बाजारात मिळतो. त्याला हिसका मारायचाच नसतो. दोरी नुसती हळूहळू ताठ करीत न्यायची, म्हणजे गळ फिरून तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. हिसका मारलात तर उलट तो तोंडातून सरळ बाहेर येतो. लोकांना हे नवे वाटते, परंतु पॅसिफिकमधील बेटांवरचे लोक हाडाचे व शिंपल्याचे अशा घडणीचे गळ फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. जपानच्या ओकिनावा बेटावरील एका गुहेत शिंपल्याचे सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे गळ सापडल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले.

मी स्वतः गोल गळाकडे वळलो त्याचे कारण मात्र पुरातत्त्व नव्हे. बारावीच्या सुट्टीत मी डोक्यावरून वर हिसका मारला. मासा सुटला आणि शिशासकट गळ उलटा येऊन डाव्या भुवईवर रुतला. एवढ्याशा होडीत बाजूला व्हायला जागा नव्हती. डॉक्टरांनी टोक कातडीतून पुढे काढून आकडी कापली, मग गळ मागे ओढला आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. अर्धा इंच खाली असता तर हा लेख मी कोणाला तरी सांगून लिहून घेतला असता. त्या दिवसापासून हिसका खाली, पाण्यालगत आणि बाजूला, आणि डोक्यावर टोपी.

मामांना हौसेशी कर्तव्य नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत घरात कालवण होणार की नाही हे खाडीतल्या गरीवर ठरते. उशिरा मारलेल्या हिसक्याने लहान मासा गळ पोटात घेतो. त्याला सोडले तरी तो जगत नाही, आणि ठेवला तर तव्याला पुरत नाही. मामा म्हणूनच त्या दोन महिन्यांत गोल गळ लावतात. लहान खजुरा आला तर पाण्यातच धरून, गळ फिरवून, सोडून देतात. मोठी मादी अंड्यांनी भरलेली मिळाली तर मात्र त्यांचे आणि मामींचे दर वर्षी भांडण होते, आणि त्यात अद्याप कोणीही जिंकलेले नाही.

माझा मित्र पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याने एक शेंगटी धरली. तिचा काटा हातात घुसून तो रात्रभर विव्हळत होता. पण शेंगट्यांचे काटे कसे मोडावेत हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.