नाल्याकांठची पेर

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या जिल्ह्यांत नाले व तळीं खोदण्याचें काम केवढें झालें हें वाचकांस विदितच आहे. महामार्गाच्या भरावास लागणारी माती व मुरूम नाल्यांतून आणि तलावांतून काढावा, म्हणजे रस्त्यास माल मिळेल व गांवास पाणी मिळेल, अशी जी पद्धत २०१७-१८ च्या सुमारास येथें पडली, तिला पुढें ‘बुलढाणा पॅटर्न’ असें नांवच पडलें. २०१८ सालीं ‘सुजलाम् सुफलाम्’ या नांवानें भारतीय जैन संघटनेनेंही खोदाईचीं यंत्रें पुरविलीं. पाणी सांठलें, ही गोष्ट कोणी नाकारणार नाहीं. परंतु यंत्र निघून गेल्यावर कांठावर काय शिल्लक राहतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. शिल्लक राहते ती उघडी, उभी, भुसभुशीत कड. मृगाच्या पहिल्या सरींत तिला ओघळ पडूं लागतात, आणि बाहेर काढलेला गाळ पुन्हां आपल्या जागीं जाऊन बसतो. जी कड टिकते तिच्यावर दोनतीन पावसाळ्यांत बेशरम व गाजरगवत माजतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खोदाईचें काम कड पेरल्यावांचून पुरें होत नाहीं. आणि ही पेर गांवानें स्वतः धरलेल्या देशी बियाण्यानें करावी.

यांत गुरांचा प्रश्नही आहे. ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली, तेव्हांपासून कास्तकाराच्या आवारांतील कडब्याची गंज नाहींशी झाली. सोयाबीनचें कुटार हें कडब्याची बरोबरी करूं शकत नाहीं, हें बैलजोडी पाळणारास सांगावयास नको. अशा स्थितींत नाल्याच्या दोन्ही अंगांची, ज्या जागीं नांगर चालत नाहीं व पीक येत नाहीं ती चिबड पट्टी, निव्वळ बेशरमीस सोडून देणें परवडण्यासारखें नाहीं.

ओल्या जमिनींत गवत पेरून येत नाहीं, अशी अनेकांची समजूत आहे. तीस कारण आहे. बीं पेरलें जातें, पहिला पूर येतो, हलकें बीं तरंगून निघून जातें. जें राहतें तें चिखलांत हवेवांचून कुजतें. परंतु याचें मूळ असें कीं, सगळा कांठ एकच जमीन समजून एकाच दिवशीं एकच बीं फेंकलें जातें. वास्तविक कांठाच्या तीन पट्ट्या असतात. वरची पट्टी, जिला पुराचें पाणी लागत नाहीं पण खालची ओल मिळते. मधली, जी पुरांत दोनचार दिवस बुडते व पुन्हां उघडी होते. आणि खालची, जी सारा पावसाळा पाण्यांत राहून दसऱ्यानंतर उघडी पडते. एका पावसाळ्यांत कांठावर खुंट्या ठोकून पाणी कोठवर चढतें व किती दिवस राहतें एवढें पाहून ठेवावें. हें काम शाळेंतील मुलेंही करूं शकतील.

वरच्या व मधल्या पट्टीस आमच्या मतें मारवेलासारखें गवत नाहीं. भारी काळ्या जमिनीचें तें मूळचें रहिवासी. थोडे दिवस पाणी सांचलें तरी सोसतें, थोडाफार क्षारही सोसतें, आणि गुरें तें आवडीनें खातात. कांड्याच्या पेरावर पांढऱ्या केसांचें कडें असतें व तुरा जांभळट, बोटांसारखा फुटलेला असतो. ही खूण लक्षांत ठेवली म्हणजे फसगत होत नाहीं. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें मारवेल-८ व फुले मारवेल ०६-४० अशा सुधारलेल्या जाती काढल्या आहेत, पण त्यांची लागवड बहुधा ठोंबांनीं होते. ज्यास एकदोन गुंठे वैरण करावयाची आहे त्यानें ते ठोंब अवश्य आणावे. कोसभर लांबीच्या नाल्यास मात्र ठोंब पुरत नाहींत. तेथें धुऱ्यावरचें बींच धरलें पाहिजे.

बीं दसरा-दिवाळीच्या दरम्यान पिकतें. सगळें एकदम पिकत नाहीं, वरचें गळूं लागतें तेव्हां खालचें हिरवें असतें. म्हणून आठआठ दिवसांनीं दोनतीन वेळां हातानें ओढून घ्यावें. दंव उतरल्यावर, दुपारीं काढलेलें बीं चांगलें. सावलींत पसरून वाळवावें व कापडी पिशवींत घालून कोरड्या जागीं टांगावें. प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. या बियांत पोंचट फार असतें, म्हणून चिमूटभर तळहातावर चोळून दाणा भरला आहे कीं नाहीं हें काढतेवेळींच पाहावें. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, ताजें बीं लगेच उगवत नाहीं. तें कांहीं महिने झोंपलेलें असतें. एक उन्हाळा त्यावरून गेला पाहिजे. दिवाळीस पेरून कार्तिकांत निराश होणारे लोक बियाण्यास दोष देतात, तो व्यर्थ होय. वैशाखांत शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण मोजावी व त्या मानानें बीं कमीजास्त घ्यावें. साधारणतः हेक्टरी चार ते सहा किलो बीं धरण्याची चाल आहे.

पेरतांना मोठी अडचण ही कीं, कुसळांमुळें हें बीं तिफणीच्या चाड्यांतून उतरत नाहीं. त्यास उपाय सोपा आहे. चाळलेली माती, जुनें शेणखत व थोडी वाळू यांत बीं कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्या व सावलींत सुकवाव्या. त्या पाण्यानें लवकर वाहत नाहींत, मुंग्याही नेत नाहींत. वरच्या पट्टींत उतारास आडव्या, हातभर अंतरानें उथळ रेघा ओढून रोहिणीच्या अखेरीस धूळपेर करावी. माती नांवाला पडावी. अर्ध्या बोटाहून खोल गेलेलें बीं वर येत नाहीं. मधल्या पट्टींत थेट पेर करणें हा जुगार आहे. तेथें विहिरीजवळच्या वाफ्यांत वैशाखांत रोप करून, पाऊस लागून जमीन भिजली कीं तें लावावें. मूळ धरलेलें रोप चार दिवस बुडलें तरी सहसा मरत नाहीं. मोडासारखा कोंब मरतो. पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांत, म्हणजे शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोदकडे, धूळपेर न करितां एकदोन चांगले पाऊस होऊन वरचा क्षार धुपून गेल्यावर पेरावें हें बरें.

खालच्या पट्टीस गवत बियांनीं आणण्याच्या भरीस पडूं नये. तेथें वाळ्याचे व हरळीचे ठोंब लावावे; वाळ्याचीं मुळें सरळ खोल जातात व कड धरून ठेवतात. पण पाणी ओसरतांना जो ओला गाळ उघडा पडतो, त्यावर माका व गोरखमुंडी यांचें बीं नुसतें वरचेवर विखरावें. माक्याच्या बियांस उजेड लागतो, मातीआड केल्यास तें उगवत नाहीं. तालिमखान्याचें बीं भिजतांच बुळबुळीत होऊन चिखलास चिकटतें, म्हणून तें वाहून जात नाहीं. मात्र त्यास कांटे असतात, गुरांच्या वाटेवर तें नको.

येथें कोणी विचारील, फुलें कशास? गोकर्णाचें उत्तर सोपें आहे. तो वेल वैरणीचा आहे, शेंगवर्गांतला असल्यानें जमीनही सुधारतो, आणि वरच्या पट्टींत मारवेलाबरोबर चांगला चालतो. त्याचें कवच कठीण असल्यानें बीं वाळूंत घासून रात्रभर पाण्यांत ठेवावें. बाकीच्या फुलांचें उत्तर मधमाशी देईल. कांद्याचें बीं धरणाऱ्या आमच्या कास्तकारांस तिचें मोल चांगलें ठाऊक आहे. कांदा वर्षांतून थोडे दिवस फुलतो, तिला मात्र बाराही महिने खावयास लागतें. कुर्डूचें नांव काढल्यास पुष्कळ जण हंसतील, कारण शेतांत तें तणच आहे. शेतास लागून असलेल्या कांठीं तें पेरूं नये, लांबच्या पडीक कांठीं पेरावें.

पेरावयाचें नाहीं तें अधिक जपून ध्यानांत ठेवावें. कुंदा एकदां काळ्या रानांत शिरला कीं नातवंडांच्या काळापर्यंत निघत नाहीं. लव्हाळ्याचेंही तसेंच. बरू दिसावयास टवटवीत, पण पावसाच्या ताणांत त्याच्या कोंवळ्या पाल्यानें गुरांस विषबाधा होते. पॅरा गवत उभ्या पाण्यांत वाढतें खरें, परंतु तें परदेशी असून नाल्याचें पात्रच अडवितें. बंदिस्त खाचरांत लावावें, वाहत्या नाल्यांत नको.

हा उद्योग अगदींच नवा नव्हे. मेळघाटांत गांवें उठून गेल्यावर रिकाम्या झालेल्या शेतांवर कुरणें करण्याचें काम झालें आहे. आमच्या संग्रामपूर तालुक्यांतील अंबाबरवा अभयारण्य त्याच व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. भंडाऱ्याकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ व तेथील ढीवर मंडळी यांनीं तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांचा हेतु मासळीचा आहे, आमचा वैरणीचा. परंतु आधीं उपटणें व मग लावणें हा क्रम आपणांसही सुटत नाहीं. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीं मुळासकट काढावें, नाहींतर पेरलेल्या बियांची वाट तेंच अडवितें.

आतां ज्या गोष्टींत आमचें आयुष्य गेलें तिजविषयीं. नाल्याचा कांठ बहुतेक ठिकाणीं सरकारी असतो, व त्यास लागून अनेकदां वऱ्हाडांतील जुनी ‘ई-क्लास’ असते, म्हणजे गुरांच्या चराईची जमीन. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ प्रमाणें अशा जमिनी मोफत चराईसाठीं राखून ठेवतां येतात. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यांत गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याची योजना करण्यास सर्व राज्यांस सांगितलें. तरीही गांव नमुना १-ई, ज्यांत अतिक्रमणांची नोंद होते, तो आम्हीं पुष्कळदां चाळला आहे. आणि आमचा अनुभव असा कीं, ज्या तुकड्याचा गांव उपयोग करीत नाहीं तोच प्रथम त्या नमुन्यांत शिरतो. ज्या कांठावर दरसाल सामाईक वैरण कापली जाते, तेथें वखर घालावयास एकटा माणूस सहसा धजत नाहीं. म्हणून पेरण्यापूर्वीं ग्रामसभेंत ठराव करून घ्यावा, तलाठ्याकडून हद्द पाहून घ्यावी, आणि गवत कोणी, केव्हां व किती न्यावें हें त्याच ठरावांत लिहावें.

ठरावांत चराईबंदीचें कलम विसरूं नये. पहिलें वर्ष जनावर मुळींच सोडूं नये. दुसऱ्या वर्षीं विळ्यानें कापून न्यावें, चारूं नये. कापणी गवत निम्में फुलावर आलें असतां करावी, त्यानंतर त्याचा कस उतरतो. दर दहा हातांस एक हात पट्टी मात्र उभी राखावी, म्हणजे पुढील सालचें बीं तेथेंच मिळेल. शेळ्यामेंढ्यांच्या मालकांस ठरावाच्या दिवशींच बोलवावें व त्यांच्यासाठीं पाण्यावर जाणारी एक वाट कांठावरून सोडून ठेवावी. वाट न ठेवल्यास ते आपली वाट करणारच, आणि ती नेमकी नव्या रोपांतून जाईल.