युनियनचा हक्क आणि बाहेरची माणसे

संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे, कामगार संघटनांचा कायदा तर १९२६ मध्येच झाला. मग कामगारांची युनियन व्हावी म्हणून सेवाभावी संस्थांनी खटपट का करायची? याचे पहिले उत्तर त्या कायद्याच्याच जन्मात सापडते. बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन उभी राहिली. पुढे गिरणीमालकांनी, कामगारांना करार मोडायला चिथावले म्हणून, तिच्या नेत्यांना कोर्टात खेचले आणि हायकोर्टाने त्यांच्यावर मनाई हुकूम बजावला. अशा दाव्यांपासून युनियनला संरक्षण देणारा कायदा करा, असा ठराव १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी मांडला. जोशी गिरणी कामगार नव्हते. ते भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते होते आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले होते. संघटनेला कायद्याचा आधार नसेल तर बाकीची सेवा अपुरी पडते, हे त्यांनी ओळखले होते.

कायदा झाल्यावरही प्रश्न सुटला नाही, कारण कामगार कोणाला म्हणायचे हेच वादाचे राहिले. इला भट्ट यांनी अहमदाबादच्या हमाल, फेरीवाल्या स्त्रियांची ‘सेवा’ संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा सरकारी खात्याने हरकत घेतली: यांना मालकच नाही, मग या भांडणार कोणाशी? युनियन केवळ मालकाविरुद्ध नसते, कष्टकऱ्यांच्या एकीसाठीही असते, हा युक्तिवाद नेटाने लढवल्यावर १९७२ मध्ये नोंदणी मिळाली. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरावेचकांच्या वस्तीत शिकवण्याच्या कामासाठी गेल्या. त्या कामातूनच, बाबा आढाव यांच्या साथीने, १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पंचायतीच्या ओळखपत्राला महापालिकेने मान्यता दिली. खांद्यावर पोते दिसले की जिच्यावर चोरीचा संशय घेतला जाई, त्या बाईच्या हाती आता आपल्या कामाचा पुरावा आला. असे ओळखपत्र एकेकटीने मागितले असते तर तिची दखल कोणी घेतली असती?

बाहेरची माणसे कामगारांना भडकवतात आणि स्वतःचे पुढारीपण टिकवतात, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. म्हणून तर कायद्याने युनियनच्या पदाधिकाऱ्यांत बाहेरच्यांच्या संख्येला मर्यादा घातली. पण रोजच्या कमाईवर चूल पेटणाऱ्या माणसाला नोंदणीचे अर्ज आणि कचेरीतले हेलपाटे परवडत नाहीत, तिथे सुरुवातीला कोणीतरी सोबत लागतेच. दुसरा आक्षेप १९८२ च्या गिरणी संपाचा: युनियनमुळेच मुंबईच्या गिरण्या बुडाल्या, असे आजही बोलले जाते. गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती, यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती, हे त्यात विसरले जाते. शिवाय पगारवाढीबरोबरच त्या संपाची एक मोठी मागणी होती, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची. त्या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात वाटाघाटींचा अधिकार एकाच प्रातिनिधिक युनियनला दिला होता. तिच्यावरचा विश्वास उडालेल्या कामगारांना आपल्या पसंतीच्या नेत्यामार्फत बोलणी करता येईनात. वाटाघाटींची वाट बंद झाली की संघर्ष विकोपाला जातो, हा त्या संपाचा धडा आहे.

संघटनस्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ व ९८ क्रमांकाचे मूलभूत करार भारताने अजून स्वीकारलेले नाहीत. ते स्वीकारावेत म्हणून सरकारकडे पाठपुरावा करणे आणि घरकामगारांपासून घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांपर्यंत सर्वांना त्यांचा हक्क समजावून देणे, हे सेवाभावी संस्थांचे काम आहे. कसोटी एवढीच की सभासदांची वर्गणी, हिशेब आणि निर्णय शेवटी कामगारांच्याच हाती गेले पाहिजेत. ती कसोटी पाळणाऱ्या संस्थेला समाजाने पैसा, वेळ आणि पाठिंबा द्यायला हवा.