अंतर मिटले, भरवसा कुठे?

गाझियाबादजवळचे हिंडन आणि मराठवाड्यातील नांदेड हे दोन विमानतळ नकाशावर जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. हिंडनहून सरळ दक्षिणेकडे गेले की सुमारे १,०५५ किलोमीटरवर नांदेड येते. छोट्या जेट विमानाला त्यासाठी दोन तासांच्या आसपास वेळ पुरतो. नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस मात्र आधी पश्चिमेला मनमाड गाठते, मग उत्तरेकडे वळते. ती दिल्लीत पोहोचेपर्यंत एक दिवस आणि एक रात्र उलटलेली असते.

त्यामुळेच ३१ मार्च २०२४ रोजी स्टार एअरने या दोन शहरांना जोडणारी सेवा सुरू केली, तेव्हा हुजूर साहिबच्या यात्रेकरूंइतकेच समाधान राजधानीतील मराठवाडी कुटुंबांना वाटले. गावाकडून अचानक निरोप आला, तर त्याच दिवशी घरी पोहोचण्याची शक्यता प्रथमच यमुनेच्या पलीकडे, पूर्व दिल्लीच्या उंबरठ्यावर आली होती.

तथापि, या मार्गाचे मोल केवळ किलोमीटर आणि मिनिटांत मोजता येणार नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या ‘उडान’ योजनेची फूटपट्टी नेमकी हीच होती. सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा आणि तोटा भरून काढण्यासाठी विमान कंपनीला तीन वर्षे अनुदान, असे तिचे गणित होते. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून योजनेचा आरंभ केला, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गालाही हिरवा झेंडा दाखवला गेला. परंतु तो मार्ग चालवणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणेच फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली.

नांदेड हा अपवाद नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत सादर झालेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत बहाल केलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत टिकले ते अवघे ५४. अनुदान आटले की विमानही जमिनीवर येते, असाच या आकड्यांचा अर्थ आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’मधून येत्या दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचा संकल्प सोडण्यात आला. उद्घाटनाची कोनशिला बसवणे सोपे असते. चौथ्या वर्षीचे वेळापत्रक टिकवणे कठीण. म्हणूनच महाराष्ट्राच्या खासदारांनी प्रश्नोत्तराच्या तासात किती विमानतळ उघडले एवढेच विचारून थांबू नये. अनुदान संपल्यावर किती मार्ग जिवंत राहिले, हे विचारावे. विमान दोन तासांत पोहोचते, हे प्रवाशाला ठाऊक आहे. पुढच्या दिवाळीला ते असेल की नाही, हे त्याला कोणी सांगत नाही.