तेलघाण्याची पेंड आणि गोबर गॅस

पुणे-आळंदी मार्गावरील दिघी हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शहरालगतच्या अशा गावांत ज्या घरी एक-दोनच जनावरे उरली, तेथे केवळ शेणावर चालणारे गॅस संयंत्र स्वयंपाकास पुरेसा वायू देत नाही. अशा कुटुंबास खरकटे अन्न व अखाद्य तेलबियांची पेंड यांचा आधार घेता येतो. मात्र त्यासाठी टाकीत काय घडते हे जाणून घेणे अवश्य आहे.

हवाबंद टाकीत सेंद्रिय पदार्थाचे विघटन चार टप्प्यांनी होते. प्रथम काही जिवाणू पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे विरघळणाऱ्या साध्या घटकांत रूपांतर करतात. दुसऱ्या टप्प्यात या घटकांपासून निरनिराळी आम्ले तयार होतात. तिसऱ्या टप्प्यात त्यांपासून मुख्यत्वे ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन व कर्बाम्ल वायू निर्माण होतात. शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. हे सूक्ष्मजीव प्राणवायूत तग धरीत नाहीत. पूर्वी त्यांस जिवाणूच मानीत. परंतु १९७७ साली कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचा गट जिवाणूंहून वेगळा असल्याचे दाखविले. गुरांच्या पोटात ते असतातच. म्हणून नव्या संयंत्रास विरजण म्हणून ताजे शेण घालतात.

पुणे येथील 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास लहान घरगुती संयंत्र सिद्ध केले. त्यांचा विचार सरळ होता : शेण म्हणजे जनावराने पोषक अंश काढून घेतल्यावर उरलेला भाग; मग सूक्ष्मजीवांस पोषक अन्नच का देऊ नये? संस्थेच्या अनुभवानुसार सुमारे २ किलो पिष्टमय पदार्थापासून एका दिवसात जेवढा मिथेन मिळतो, तेवढ्यासाठी सुमारे ४० किलो शेण व ४० दिवस लागतात. अखाद्य तेलबियांची पेंडही त्यांनी उपयोगात आणली. या कार्यास २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला.

परंतु पोषक अन्नाचा अतिरेक घातक ठरतो. आम्ले करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, तर मिथेनजनक सावकाश वाढतात. एकदम जास्त खाद्य पडल्यास आम्ले साचतात, टाकी आंबते आणि वायू जळेनासा होतो. पेंडीत तेल अधिक राहिल्यास साय धरते व स्निग्धाम्ले सूक्ष्मजीवांस बाधतात. प्रथिनांपासून होणारा अमोनियाही प्रमाणाबाहेर वाढल्यास अपाय करतो. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांतून निघणाऱ्या सांडपाण्याची हीच अडचण आहे. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये सूक्ष्मजीवांस मारक असल्याने तेथे ते शेणात मिसळून किंवा पातळ करून टाकीत घालतात.

यावरून पुढील दक्षता घ्यावी. भुईमुगाची चांगली पेंड जनावरांसच घालावी. संयंत्रासाठी करंजासारखी अखाद्य पेंड घ्यावी. तेल पूर्ण गाळलेली पेंड कुटून, पाण्यात भिजवून, शेणकाल्यात मिसळावी. आरंभी मूठभर घालून प्रमाण हळूहळू वाढवावे. निळा लिटमस कागद स्लरीत बुडविल्यावर स्पष्ट तांबडा झाला किंवा शेगडी पेटेनाशी झाली, तर पेंड तत्काळ बंद करून काही दिवस केवळ ताजा शेणकाला द्यावा.

वायू निघून गेला तरी पेंडीतील नत्र बहुतांशी स्लरीत शिल्लक राहते. म्हणजे जी पेंड शेतात खत म्हणून घालावयाची, तीच आधी चूल पेटवून मग शेतात जाते. मात्र टाकी साफ करण्यासाठी कोणीही आत उतरू नये. आतील वायूने क्षणात प्राण जातो. संयंत्राजवळ विडी, काडी अथवा दिवा नेऊ नये.