तळाला कोण? उरलेल्या सामन्यांचं फसवं गणित

मार्च उजाडला की एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये दोन शर्यती एकाच वेळी रंगतात. एक वरची, प्ले-ऑफची. दुसरी तळाची. तीस संघांपैकी ज्या चौदांना प्ले-ऑफ गाठता येत नाही, त्यांच्यात ड्राफ्टची सोडत निघते आणि नव्या दमाचे सर्वांत गुणी खेळाडू आधी कोणी निवडायचे हे ठरतं. आयपीएलच्या लिलावात शेवटच्या संघाला अशी सवलत नसते. त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला तळाची ही चढाओढ चमत्कारिक वाटते आणि तिच्याबद्दलचे अंदाजही चुकतात.

ज्याचे उरलेले प्रतिस्पर्धी तगडे, तोच तळाला जाणार, हा त्यातला सर्वांत पक्का गैरसमज. त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या टक्केवारीची सरासरी काढली जाते आणि तिच्यावर भरवसा ठेवला जातो. पण ही सरासरी निकाल किती हलवते ते करून पाहावं. चारपैकी एकच सामना जिंकणारा संघ घ्या. त्याच्या उरलेल्या दहा सामन्यांतले प्रतिस्पर्धी सरासरी 45 टक्के सामने जिंकणारे असतील, तर बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांच्या ‘लॉग5’ सूत्राप्रमाणे त्याला सुमारे 2.9 विजय मिळायला हवेत. तेच 55 टक्क्यांचे असतील तर 2.1. एवढ्या तफावतीनंतरही फरक पडला तो जेमतेम पाऊण विजयाचा!

खरा फरक पडतो तो त्या दिवशी समोरच्याला जिंकण्याची गरज किती आहे, यावर. 2024-25 च्या हंगामाचा शेवटचा दिवस, 13 एप्रिल 2025, याचा उत्तम नमुना आहे. यूटा जॅझ आणि वॉशिंग्टन विझर्ड्स दोघांचेही 17 विजय आणि 64 पराभव झाले होते. यूटासमोर होता मिनेसोटा. प्ले-इनची, म्हणजे सातव्या ते दहाव्या संघांच्या पात्रता लढतींची, कटकट टाळून थेट सहावं स्थान मिळवायचं तर मिनेसोटाला तो सामना हवाच होता. अँथनी एडवर्ड्सने 43 गुण ठोकले आणि यूटा 116-105 असा हरला. वॉशिंग्टनची गाठ मायामीशी होती आणि मायामीचं दहावं स्थान आधीच पक्कं झालेलं होतं. निकालाने त्यांचं काहीच बिघडणार नव्हतं. नवखा बब कॅरिंग्टन याने शेवटच्या क्षणी बास्केट केली, वॉशिंग्टन 119-118 असा जिंकला आणि तळाची जागा एकट्या यूटाकडे गेली.

मग यूटाला पहिली निवड मिळाली? नाही. शेवटचा क्रमांक म्हणजे पहिला खेळाडू, हा दुसरा गैरसमज. 2019 च्या सोडतीपासून नवे नियम लागू झाले आणि तळाच्या तिन्ही संघांची पहिल्या निवडीची शक्यता सारखीच, प्रत्येकी 14 टक्के झाली. तेव्हापासून 2025 पर्यंतच्या सात सोडतींत शेवटच्या संघाला पहिली निवड एकदाही मिळाली नाही. 2024 मध्ये 3 टक्के शक्यतेच्या अटलांटाला आणि 2025 मध्ये अवघ्या 1.8 टक्के शक्यतेच्या डॅलसला नशिबाने साथ दिली. डॅलसने कूपर फ्लॅगला घेतलं.

तरीही शेवटची जागा निरर्थक नसते. 2019 च्या या नियमांत सोडत फक्त पहिल्या चार निवडींची निघते, बाकीचे संघ पराभवांच्या क्रमाने येतात. त्यामुळे शेवटचा संघ पाचव्याच्या खाली घसरत नाही, शेवटून दुसरा सहाव्याच्या खाली जात नाही. 2025 मध्ये नेमकं तेच झालं: यूटा पाचवा, वॉशिंग्टन सहावा. मायामीतल्या त्या एका बास्केटची किंमत फार तर निवडीतली एक जागा ठरली. तरीही कॅरिंग्टनने ती मारली हे योग्यच झालं.

कारण खेळाडू मुद्दाम हरतात, हाही एक अन्यायकारक समज आहे. तळाच्या संघातली पोरं पुढच्या करारासाठी जीव तोडून खेळतात. कोणाला बसवायचं हे ठरतं वर, व्यवस्थापनाच्या खोलीत, आणि लीगचा दंडही तिथेच बसतो. एप्रिल 2023 मध्ये शिकागोविरुद्ध प्रमुख खेळाडूंना बाहेर ठेवल्याबद्दल डॅलसला साडेसात लाख डॉलर भरावे लागले. त्यांची निवड पहिल्या दहांत आली नसती तर आधीच्या सौद्यानुसार ती न्यूयॉर्क निक्सला द्यावी लागणार होती. म्हणजे धडपड शेवटच्या क्रमांकासाठी नव्हतीच! मार्च 2025 मध्ये यूटालाही आपला खेळाडू लॉरी मार्कानेन याच्या अनुपस्थितीवरून एक लाख डॉलरचा दंड झाला.

वेळापत्रकात सर्वांत मोलाचे असतात ते तळातल्या संघांचे आपसातले सामने. बलाढ्यांशी खेळताना दोघेही बहुधा हरतात आणि त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. पण दोघे समोरासमोर आले की बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसल्याने एकाला जिंकावंच लागतं आणि अंतर एका फटक्यात पूर्ण सामन्याने बदलतं. त्यात फेब्रुवारीतली खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत उलटून गेल्यावर अनेक संघ ऑक्टोबरातले राहिलेलेच नसतात. हंगामभराची टक्केवारी मात्र जुन्या संघाचं ओझंही वाहत असते.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये वेळापत्रक उघडलंत, तर सरासरीचा रकाना बाजूला ठेवा. आधी आपसातल्या लढती शोधा, मग शेवटच्या आठवड्यात कोणाचं स्थान पक्कं झालंय ते पाहा.