बाळंतिणीचा सुजलेला पाय

शेजारच्या सुनेच्या बाळंतपणाला अठरा दिवस झाले होते. बाळ बघायला गेले, तर ती म्हणाली, "काकू, डावी पोटरी लई दुखते." बघते तर तेवढाच पाय सुजलेला, हाताला गरम. सासूबाई तेलाची वाटी घेऊन तयारच होत्या. "चोळून देतो, उतरन दोन दिवसात." मी त्यांचा हात धरला. भंडाऱ्याला नेऊन सोनोग्राफी केली, तर शिरेत रक्ताची गुठळी! चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली असती तर?

मैत्रिणींनो, रक्त गोठतं तसं गोठलेलं विरघळतंही. प्लाझ्मिन नावाचं द्रव्य गुठळीचे धागे कापतं. पण ते मोकाट सुटलं तर भरत आलेली जखम पुन्हा वाहील. म्हणून रक्तातच त्याला लगाम आहेत. अँटिप्लाझ्मिन त्याला धरून ठेवतं, पीएआय-१ ते फारसं तयारच होऊ देत नाही. गरोदरपणात हे लगाम आणखी आवळले जातात. पीएआय-२ तर वारेतूनच येतं. वार सुटली की गर्भाशयात केवढी जखम राहते! तिथलं रक्त थांबायला नको का?

तरीही कुणाकुणाचं थांबत नाही. त्यासाठी असाच लगाम औषधातून देता येतो, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीनं ते १९६२ मध्ये जगापुढे आणलं. बाळंतपणात वापरून बघा म्हणून या बाईंनी सांगितलं, पण तिथल्या डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. २१ देशांतल्या २० हजार बायकांवरची चाचणी २०१७ मध्ये छापून आली. तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, हे सिद्ध झालं. बाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

पण जो लगाम जीव वाचवतो, तोच पायातली गुठळी विरघळू देत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे हा धोका जास्त. आणि आपण काय करतो? सव्वा महिना बाजेवर निजवतो, पाणीही मोजून देतो. विश्रांती हवीच, माझं काही म्हणणं नाही. पण तिला घरातल्या घरात चालू द्या, पोटभर पाणी द्या. एकच पाय सुजला तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन.

सुनेला पोटावर इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, यानं गुठळी वाढायची थांबते, विरघळवायचं काम तिचंच रक्त हळूहळू करेल. सासूबाईंना एकच काळजी, "बायाले दूध पाजता येईन का?" येईल म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.