गणिताच्या पदवीचा जमाखर्च

ज्याचे गणित चांगले त्याला पोटाची ददात पडत नाही, अशी एक समजूत पुण्याच्या मध्यमवर्गात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. ती अगदीच निराधार नाही, पण गणित येणे आणि गणिताची पदवी पदरी असणे या दोन रकमा ती एकाच खात्यावर मांडते. या शहराचे दीडशे वर्षांचे दप्तर उलगडून पाहिले, तर पदवीने पैसा दिल्याचे दाखले थोडे, आणि पदवीला जे काही बाहेरून जोडले गेले त्याने दिल्याचे पुष्कळ आढळतात.

केरूनाना छत्र्यांसारख्या गुरूचा आवडता शिष्य असलेले बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजातून गणितात प्रथम वर्गात पदवीधर झाले खरे, पण एम. ए.चा अभ्यास अर्ध्यावर सोडून ते कायद्याकडे वळले आणि १८७९ साली एल्‌एल. बी. झाले. पुढे १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा त्याग केल्यावर त्यांच्या प्रपंचाला आधार झाला तो त्यांनी काढलेला कायद्याचा वर्ग. ज्या वादापायी हा त्याग घडला त्याच्या अनेक कारणांत, आजीव सदस्यांनी बाहेरची कामे आणि मिळकत ठेवावी की नाही, हेही एक कारण होते. आणि तिकडे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या अंकगणिताच्या क्रमिक पुस्तकाने संस्थेच्या तुटपुंज्या मुशाहिऱ्याला चांगलाच हातभार लावला होता. म्हणजे दोघेही गणिताचे अध्यापक, पण एकाला हात दिला कायद्याने आणि दुसऱ्याला छापखान्याने.

केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय, दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, सरकारी हुद्द्याची दारे उघडी असताना फर्ग्युसन कॉलेजात दरमहा ७५ रुपयांवर रुजू झाले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. हा त्याग थोर होता याविषयी वाद नाही. पण त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की गणिताच्या अध्यापकाने अल्पसंतुष्ट असावे हा पुण्यात जणू शिष्टाचारच होऊन बसला, आणि संस्थाचालकांनी त्याचा फायदा अद्याप सोडलेला नाही.

याच कॉलेजातून १९२९ साली बाहेर पडलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत मास्तरकी करीत राहिले. कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येने त्यांचे नाव जगभर नेले, पगारात मात्र एका रुपयाची भर घातली नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये सुमारे बारा वर्षे गणित शिकवून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, तरी बिऱ्हाड पुण्यातच ठेवून डेक्कन क्वीनने ये-जा करीत राहिले.

आता आजचा हिशेब. अनुदानित महाविद्यालयातील बी. एस्सी.चे शुल्क खासगी अभियांत्रिकीच्या शुल्कापुढे किरकोळ असल्यामुळे पालकांना ही पदवी स्वस्त वाटते. पण खरा खर्च शुल्काचा नव्हे, वर्षांचा. पदवी, मग एम. एस्सी., मग सेट-नेटच्या फेऱ्या, आणि एवढा सगळा काळ बीड-लातूरकडून आलेल्या मुलाने सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून मेसचे डबे खात काढायचा. ज्याला बारावीनंतर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाकाठी ८०,००० रुपये लाभले, किंवा पुढे कनिष्ठ संशोधक म्हणून २०२३ पासून लागू झालेले दरमहा ३७,००० रुपये मिळाले, त्याने निश्चिंतपणे पुढे जावे, बाकीच्यांनी बी. एस्सी.च्या अखेरच्या वर्षीच थांबून विचार करावा, असे मला वाटते. सेट-नेटवाचूनची एम. एस्सी. हा या सबंध व्यवहारातला सर्वांत महागडा ऐवज आहे.

कारण पुढे वाट पाहत असते ती तासिका तत्त्वावरची नेमणूक. ज्याला कायम जागा मिळाली त्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. शेजारच्या वर्गात तेच रोलचे प्रमेय, तशाच फळ्यावर, तितक्याच मन लावून शिकविणाऱ्याला मात्र घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि बिल मंजूर होऊन हाती पडेपर्यंत सत्र उलटून जाते. सकाळी कर्वे रस्ता आणि दुपारी हडपसर अशी दोन महाविद्यालये दुचाकीवर गाठणारी ही मंडळी पेट्रोलचा खर्च वजा करण्याचे मुद्दामच टाळतात.

पैसा आहे तो इतरत्र. विमा कंपन्यांना ॲक्च्युअरी हवे असतात आणि त्यांना वेतनही भरघोस मिळते. पण त्यांच्या परीक्षांचे प्रवेशद्वार बारावी उत्तीर्ण झालेल्याला खुले आहे, तेथे गणिताची पदवी कोणी सक्तीने मागत नाही, आणि नोकरी सांभाळून एकेक पेपर सोडविण्यात वर्षे जातात. हिंजवडी-खराडीच्या संगणक कंपन्याही गणिताच्या पदवीधराला घेतात, तथापि मुलाखतीत त्याला विचारतात ते प्रोग्रॅमिंग. संख्याशास्त्राची जोड असेल तर त्याचे पारडे जड होते, नुसत्या शुद्ध बीजगणितावर सहसा भागत नाही. राहता राहिले खासगी क्लास. गणित शिकवून या शहरात बक्कळ पैसा होऊ शकतो तो येथेच. आणि जेईईच्या क्लासात भरमसाट फी घेऊन कलन शिकविणारे सर पुष्कळदा गणिताचे नव्हे, अभियांत्रिकीचे पदवीधर निघतात.